उपेक्षित धन्वंतरी : डॉ. सुब्बाराव

मॅट्रिकला दोनदा नापास झालेला मुलगा पुढे कॅन्सरवर औषध शोधील, असे भीमावरममध्ये कोणाला खरे वाटले नसते. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील या गावी एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण सोडून ते काशीच्या वाटेने पळाले होते. आईने परत आणून पुन्हा शाळेत बसविले. तिसऱ्या खेपेस ते मॅट्रिक झाले.

मद्रासच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी खादी अंगीकारली. इंग्रज प्राध्यापकांचा रोष झाला व एल.एम.एस. या दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले. दोन सख्खे भाऊ संग्रहणीने आठवड्याभराच्या अंतराने गेले. हे दुःख उराशी घेऊन १९२२ साली ते बोस्टनला पोहोचले. पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली. हार्वर्डमध्ये डॉ. फिस्क यांच्यासह त्यांनी १९२९ साली पेशींना शक्ती पुरविणारे ए.टी.पी. हे द्रव्य शोधले. तरीही तेथे कायमची जागा मिळाली नाही! अखेर १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

तेथे १९४५ साली त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. याच जीवनसत्त्वाचा माग पूर्वी ल्युसी विल्स यांना मुंबईच्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करताना लागला होता. संग्रहणीवरही ते गुणकारी ठरले. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता.

पेशी वाढण्यास फॉलिक ॲसिड लागते. मग त्याच्यासारखे दिसणारे, पण त्याचे काम न करणारे द्रव्य दिले तर? कुलपात खोटी किल्ली अडकावी तसे कॅन्सरपेशीचे काम अडते. असे ॲमिनोप्टेरिन त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. डॉ. फार्बर यांनी १९४८ साली रक्ताच्या कॅन्सरच्या १६ मुलांना ते दिले. १० मुलांचा रोग काही काळ हटला. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव परदेशातच निवर्तले. मायदेशी ठेवून गेलेल्या पत्नीची भेट पुन्हा झालीच नाही.

पुढे २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली. कायनेज नावाची एन्झाइमे ए.टी.पी.मधील फॉस्फेट घेऊन पेशीला वाढीचा हुकूम देतात. बिघडलेल्या कायनेजमध्ये ए.टी.पी.ची जागाच हे औषध अडविते. खोट्या किल्लीची युक्ती तीच आणि कुलूपही सुब्बारावांच्या ए.टी.पी.चेच! भारत सरकारने १९९५ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हा मुलांना तर हे नाव पाठ असायला हवे.