माकूळाच्या एका नसेवरून मेंदूतल्या विजेचं कोडं सोडवणारा माणूस : ॲलन हॉजकिन

तुम्ही हे वाचताय, तेव्हा तुमच्या मेंदूतल्या पेशींवरची लाखो सूक्ष्म दारं उघडतायत आणि मिटतायत. त्यातून आत शिरतो सोडियम, तोच जो आपल्या मिठात असतो. ही दारं कधी उघडतात आणि कधी मिटतात, याचा हिशोब मांडणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव म्हणजे ॲलन हॉजकिन.

जन्म ५ फेब्रुवारी १९१४, इंग्लंडमधल्या बॅनबरीचा. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला ठाम विरोध. हॉजकिन चार वर्षांचे असताना वडील बगदादमध्ये आमांशाने गेले.

केंब्रिजला शिकताना त्यांना प्रश्न पडला, की नसेतून संदेश जातो तो नक्की कसा? अडचण एवढीच, की आपले मज्जातंतू इतके बारीक की आत तार घालणार कशी? उत्तर समुद्रात होतं. माकूळाच्या शरीरात एक तंतू जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो.

१९३९ मध्ये प्लायमथला हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्यात इलेक्ट्रोड घातला. पेशीचा आतला भाग एरवी ऋण असतो. संदेश जाताना तो शून्यावर येतो, असा तोवरचा समज. इथे तो शून्य ओलांडून चक्क धन झाला!

का? हे शोधायच्या आतच दुसरं महायुद्ध पेटलं. युद्धविरोधी घरातले हॉजकिन आपली भूमिका बाजूला ठेवून लढाऊ विमानांच्या रडारवर काम करू लागले. प्रयोग काही वर्षं थांबला.

युद्धानंतर त्यांनी बर्नार्ड कॅट्झ यांच्यासोबत तंतूभोवतीच्या पाण्यातलं सोडियम कमी करून पाहिलं. विजेचा झटकाही लहान झाला. म्हणजे सगळा खेळ सोडियमचा होता.

मग व्होल्टेज एका जागी धरून ठेवून प्रवाह मोजला, तेव्हा खरी गंमत कळली. व्होल्टेज वाढलं की सोडियमची वाट झटकन उघडते. पण व्होल्टेज तसंच राहिलं, तरी काही मिलिसेकंदांत ती आपोआप मिटते. पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा मूळ पदावर येते. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा वापरता येत नव्हता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर समीकरणं सोडवली. १९५२ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि १९६३ मध्ये दोघांना जॉन एकल्स यांच्यासोबत नोबेल मिळालं.

तेव्हा ही दारं कुणी पाहिलीही नव्हती. पुढे कळलं, की ती प्रथिनांची बनलेली असतात आणि मेंदूतही याच तत्त्वावर चालतात. जनुकातल्या दोषामुळे त्यांचं काम बिघडलं, तर फिट येऊ शकते. फिटवर दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधं ही दारं मिटलेल्या अवस्थेत जास्त वेळ धरून ठेवतात, त्यामुळे पेशींचा भडिमार थांबतो.

हॉजकिन २० डिसेंबर १९९८ ला गेले. दार उघडण्याइतकंच ते वेळेवर मिटणंही महत्त्वाचं असतं, हे आपल्याला त्यांच्या कामातून कळलं.