जीपला कमानपाटे देणारा बार्नी रूस, जो स्वतः स्वतंत्र सस्पेन्शनचा उस्ताद होता

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की बुटीबोरी मागे पडते आणि पुढे जाम येतं. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव बहुतेकांना माहीत आहे ते फाट्यामुळे. सरळ गेलात तर हिंगणघाट, डावीकडे वळलात तर वरोरा आणि चंद्रपूर. हायवेवर गाडी पळवायला काही लागत नाही. पण पावसाळ्यात डांबर सोडून पांदण रस्त्यावर उतरा, मग कळतं. ओली काळी माती चाकाला अशी धरते की भल्याभल्या गाड्या जागेवरच फिरत बसतात. अशा वेळी आठवते ती चारही चाकं ओढणारी जुनी जीप.

या जुन्या जीपवाल्यांमध्ये सध्या एक वेड आहे. पुढचे कमानपाटे काढायचे आणि तिथे कॉइलओव्हर शॉकअप बसवायचे. म्हणजे गोल स्प्रिंग आणि तिच्या पोटातच शॉकअप, दोन्ही मिळून एकच नळकांडं. गाडी कमी आदळते, चाक खड्ड्यात खोलवर जातं आणि दगडावर चढताना दुसरं चाक जमीन सोडत नाही.

पण मुळात जीपला पुढे पाटे आले कसे? यामागे एका माणसाची गोष्ट आहे, आणि तिच्यात गंमत अशी की तो माणूस पुढच्या चाकांचा अखंड ॲक्सल हटवण्यासाठीच नावाजलेला होता.

त्याचं नाव डेल्मर रूस. जन्म 1888 चा, न्यूयॉर्कचा. त्या काळात बार्नी ओल्डफील्ड नावाचा रेसिंग ड्रायव्हर अमेरिकेत फार गाजत होता, त्याच्यावरून पोरं याला बार्नी म्हणू लागली आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. कॉर्नेल विद्यापीठात इंजिनीअरिंग करताना गडी तलवारबाजीही करायचा, आणि तीही विजेतेपद मिळवण्याइतकी. 1911 ला पदवी घेऊन बाहेर पडला आणि मोटारींच्या धंद्यात शिरला. लोकोमोबिल, पिअर्स-ॲरो, मार्मन. आज ही नावं फक्त जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दिसतात, पण तेव्हा या श्रीमंतांच्या गाड्या होत्या.

1926 मध्ये तो स्टुडबेकर कंपनीत गेला आणि तिथे मुख्य इंजिनीअर झाला. इथे त्याचं नाव झालं. आठ सिलिंडरची इंजिनं केली, त्या इंजिनांवरच्या गाड्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत उतरल्या. पुढे मंदी आली, 1933 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि कारभार कोर्टाने नेमलेल्या लोकांच्या हातात गेला. तरी बार्नी तिथेच राहिला. 1934 ला तर तो अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनीअरांच्या संघटनेचा अध्यक्ष होता.

त्याच वर्षी जनरल मोटर्सने गिऱ्हाइकांना नवीन चटक लावली होती, पुढच्या दोन चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं करण्याची. आधी दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याला, म्हणजे ॲक्सलला जोडलेली असायची. उजवं चाक खड्ड्यात गेलं की डावंही कलायचं आणि स्टिअरिंग हातात थरथरायचं. प्रत्येक चाक आपापलं वरखाली होऊ लागलं की हा त्रास जातो. पण ही व्यवस्था महाग होती आणि स्टुडबेकरच्या खिशात पैसा नव्हता. बार्नीने स्वस्तातला तोडगा काढला. पाट्यांची एकच स्प्रिंग आडवी टाकली, तिच्या दोन्ही टोकांना एकेक चाक. प्लेनर सस्पेन्शन असं त्याचं नाव, आणि 1935 च्या गाड्यांमध्ये ते आलं. मग तो इंग्लंडला रूट्स ग्रुपकडे गेला. हिलमन, हंबर या गाड्या बनवणारा हा ग्रुप.

1938 ला तो परत आला तो ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात, विलीज-ओव्हरलँड कंपनीत. विलीजची अवस्था स्टुडबेकरपेक्षा वाईट होती. एकच छोटं चार सिलिंडरचं इंजिन, 2.2 लीटरचं, 48 हॉर्सपॉवर देणारं. जरा जोरात पळवलं की बेअरिंग जायची. नवीन इंजिनाला पैसे नाहीत म्हटल्यावर बार्नीने आहे तेच खोललं. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, कूलिंग, एकेक गोष्ट धरून सुधारत नेली आणि तेच इंजिन 60 हॉर्सपॉवरपर्यंत नेऊन भरवशाचं केलं. हेच ते प्रसिद्ध गो-डेव्हिल. नाइलाजाने केलेलं हे काम पुढे कंपनीला तारणार होतं.

1940 चा उन्हाळा. युरोपात फ्रान्स पडला होता आणि अमेरिकन लष्कराला घाईने एक हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. 135 कंपन्यांना विचारणा झाली. उत्तर आलं ते जेमतेम दोघांचं, अमेरिकन बँटम आणि विलीज. अट अशी की पहिली गाडी 49 दिवसांत द्यायची. बार्नीचा अंदाज होता 75 दिवसांचा, त्यामुळे काम बँटमला गेलं. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनीअरने झपाट्याने आराखडा काढला आणि सप्टेंबरमध्ये गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जीपचा जनक म्हणून अनेक ठिकाणी बार्नीचं नाव दिलेलं असतं, ते पूर्ण खरं नाही. बँटम कंपनी लहान, तिला एवढी मोठी ऑर्डर झेपेल का अशी लष्कराला शंका होती. म्हणून लष्कराने तिचा आराखडा विलीज आणि फोर्डला खुला करून दिला. बार्नीची गाडी नोव्हेंबर 1940 मध्ये आली ती बँटमची गाडी पाहून झाल्यावरच. पुढे जीप आम्हीच घडवली अशा जाहिराती विलीजने केल्या, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली आणि तो दावा लोकांची दिशाभूल करणारा ठरवला. बँटमच्या वाट्याला मात्र शेवटी जीपऐवजी ट्रेलर बनवण्याचं काम आलं.

मग बार्नीचं श्रेय कशात? तर वजनात आणि इंजिनात. विलीजची गाडी ताकदीने तिघांत सरस होती, पण लष्कराने ठरवलेली मर्यादा होती 2,160 पौंड, म्हणजे साधारण 980 किलो. विलीज त्यापेक्षा शंभर किलोहून जास्त भरत होती. दोन वाटा होत्या. हलकं इंजिन घालायचं किंवा इंजिन ठेवून बाकी सगळं हलकं करायचं. पहिली वाट सोपी होती, पण मग विलीजकडे इतरांपेक्षा वेगळं असं काही उरलंच नसतं. बार्नीने दुसरी धरली. अख्खी गाडी सुटी केली आणि एकेक भाग तराजूवर ठेवला. बोल्ट गरजेपेक्षा लांब आहे? काप. पत्रा जाड आहे? पातळ घे. रंगाचा दुसरा हात? नको. अखेर गाडी मर्यादेच्या आत बसली, पण इतकी काठावर की अंगावर धूळ बसली असती तर नापास झाली असती, असं गमतीने सांगितलं जातं. जुलै 1941 मध्ये 16,000 गाड्यांची ऑर्डर विलीजला मिळाली. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप निघाल्या.

आता पाट्यांकडे येऊ. स्वतंत्र सस्पेन्शनवर नाव कमावलेल्या या माणसाने जीपला पुढेही साधा अखंड ॲक्सल आणि लांबीला समांतर कमानपाटे का ठेवले?

कारण पाटा एकटाच तीन-चार कामं करतो. वजन पेलतो. ॲक्सल पुढेमागे सरकू देत नाही. आडवाही हलू देत नाही. ब्रेक मारल्यावर ॲक्सल पिळवटायला बघतो, तेही थोपवतो. यू-बोल्टने बांधला की काम झालं, वेगळे दांडे नकोत. शिवाय पुढच्या चाकांना ताकद पोचवायची तर वळतानाही एकसारखे फिरणारे सांधे लागतात. अखंड ॲक्सलला दर बाजूला एक पुरतो. चाकं स्वतंत्र केली तर आतल्या बाजूला आणखी सांधे वाढतात, आणि युद्धाच्या घाईत नेमके हेच सांधे पुरेसे मिळत नव्हते. पाटा रणांगणावर तुटला तरी कुठलाही लोहार-मिस्त्री निभावून नेऊ शकतो, हेही होतंच. आदळणाऱ्या जीपला शिव्या घालणाऱ्यांनी हा हिशोब एकदा बघायला हरकत नाही.

याचा पुरावा युद्धानंतर बार्नीनेच दिला. 1946 ला विलीजची स्टेशन वॅगन आली. दोन चाकं ओढणाऱ्या या फॅमिली गाडीला त्याने पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, प्लेनरचंच भावंड, नाव प्लेनाडाइन. पण 1949 ला याच वॅगनची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती निघाली तेव्हा पुढे परत अखंड ॲक्सल आणि पाटे. विलीजच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकलाही तेच.

आणि या सगळ्याशी मुंबईचा संबंध कुठे येतो? युद्धकाळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत होते. भारतासाठी युद्धसाहित्य मिळवणाऱ्या इंडियन सप्लाय मिशनचे ते प्रमुख. तिथे त्यांची आणि बार्नीची भेट झाली, आणि खराब रस्त्यांच्या भारतात हीच गाडी चालेल हे त्यांच्या मनाने घेतलं. 2 ऑक्टोबर 1945 ला त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्रा आणि गुलाम मोहम्मद यांच्यासोबत महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी मुंबईत सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सुटे भाग अमेरिकेतून आणून जीप इथे जोडल्या जाऊ लागल्या, माझगावच्या कारखान्यातून त्या गावोगावी पोचल्या. पोलीस, वनखातं, तहसीलदार, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे जीप. विदर्भात तर जंगल आणि जीप वेगळी काढताच येत नाही.

बार्नीने आणखी एक इंजिन केलं, हरिकेन. ते बसावं म्हणून बॉनेट उंच केलेली जीप 1953 ला आली, सीजे-3बी. अमेरिकेत ती केव्हाच बंद झाली, महिंद्राने मात्र कितीतरी वर्षं चालवली. त्याच साली विलीज कंपनी हेन्री कायझर यांनी विकत घेतली. बार्नी 1960 मध्ये वारला.

त्याने ठेवलेले पुढचे पाटे मात्र त्याच्यामागे दीर्घकाळ टिकले. अमेरिकन जीप रँग्लरने ते काढून गोल स्प्रिंगा घेतल्या 1997 च्या मॉडेलला. महिंद्राच्या 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बार आला, मागे पाटेच. आणि नवीन थार आली 2 ऑक्टोबर 2020 ला, कंपनीच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीला पुढे डबल विशबोन, मागे अखंड ॲक्सल, आणि चारही चाकांवर कॉइलओव्हर. म्हणजे जुन्या जीपवाले गॅरेजमध्ये जे करू बघतात, ते कंपनीने कारखान्यातच केलं.

फक्त कंपनीने चासीच त्या हिशोबाने आखली होती, आणि इथेच गॅरेजमधलं काम अवघड होतं. जुन्या जीपचे पाटे काढले की ॲक्सलला धरणारं काहीच उरत नाही, कारण गोल स्प्रिंग फक्त वजन पेलते. म्हणून आधी ॲक्सलपासून चासीपर्यंत पुढेमागे धरणारे लिंक दांडे लागतात. आडवं धरायला पॅनहार्ड रॉड लागतो. तो आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच कोनात आणि जवळपास सारख्या लांबीचे नसतील तर खड्ड्यात गेल्यावर गाडी आपोआप वळते. पुढे शॉकअपचं वरचं टोक धरायला चासीवर मजबूत टॉवर वेल्ड करावा लागतो, कारण गाडीचं पुढचं सगळं वजन आता त्या दोन बिंदूंवर येतं. शॉकअप पूर्ण दबण्याआधी बंप स्टॉपचं रबर टेकलं पाहिजे. ब्रेकचे होज लांब हवेत, नाहीतर चाक खाली लटकलं की ताण येऊन तुटतात. कॉइलओव्हरच्या अंगावरच्या आट्यांची रिंग फिरवून उंची कमीजास्त करता येते हे खरं, पण स्प्रिंगच कमी ताकदीची निवडली असेल तर रिंग कितीही आवळून उपयोग नाही.

त्यातही आरटीओचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे असं काम केलेल्या बऱ्याच जीप ऑफ-रोड स्पर्धेच्या मैदानापर्यंत ट्रकवर लादून नेल्या जातात.