जुन्या फियाटची किंमत आणि वालचंदशेठ

नवी मोटार शोरूमच्या दारातून रस्त्यावर आली की त्याच क्षणापासून तिची किंमत उतरू लागते, हा व्यवहारातला सर्वमान्य नियम आहे. शर्यतीच्या धाटणीच्या, म्हणजे स्पोर्ट्स प्रकारच्या मोटारींना तर तो अधिकच कठोरपणे लागू पडतो. त्यांची देखभाल महाग, सुटे भाग दुर्मीळ आणि दोन वर्षांत त्याहून वेगवान गाडी बाजारात हजर. तरीही काही मोजक्या मोटारी या नियमाला जुमानत नाहीत. इटलीतील फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात '२५० जीटीओ' या नावाच्या अवघ्या ३६ गाड्या बनविल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये अमेरिकेतील लिलावात सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली.

मुंबईच्या उपनगरांनी मात्र याहून निराळा चमत्कार पाहिला आहे. कुर्ल्यात तयार होणारी, ना वेगासाठी ना ऐटीसाठी प्रसिद्ध असलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असलेली साधी फियाट एके काळी वापरून झाल्यावर नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा अधिक दराने विकली जात असे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवलीच्या ज्या कुटुंबांनी त्या काळात गाडी घेतली, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. ज्या गृहस्थाने कुर्ल्यात हा कारखाना उभा केला, त्याने मात्र हा चमत्कार पाहिला नाही. त्याला जुनी गाडी महाग करावयाची नव्हती, या देशात नवी गाडी बनवावयाची होती. त्याचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरचा. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, गुजराती जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. शालेय शिक्षण सोलापुरात आणि पुढले मुंबईत झाले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात या तरुणाचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीत उतरलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी त्याने भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून 'फाटक-वालचंद' या जोडनावाचा उदय झाला. कामाची माहिती फाटकांची, पैसा आणि धाडस वालचंदांचे, अशी ही वाटणी होती. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे अवघड काम आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे काम ही त्यांच्या पुढील ठेकेदारीची ठळक उदाहरणे. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या भागांतून जाणारे तानसाचे अजस्र नळ उपनगरवासीयांच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे पाहताना सोलापूरच्या या शेठजींची आठवण मात्र क्वचितच कोणाला होत असेल.

पहिले महायुद्ध संपले आणि वालचंदांची दृष्टी समुद्राकडे वळली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे असलेली एक बोट विकाऊ असल्याचे त्यांना कळले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती आणि त्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीला जेरीस आणण्याचे सर्व उपाय केले. सिंदिया तगली. १९२९ मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि पुढील दोन दशके त्यांनी ती धुरा वाहिली.

साखरेचा धंदा, इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, नाशिक जिल्ह्यातील रावळगाव, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी... या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल. येथे आपला विषय मोटारीचा आहे.

हिंदुस्थानात मोटारी जोडण्याचे काम तोवर सुरू झाले नव्हते असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला परदेशी भाग आणून गाड्या जोडण्यास प्रारंभ केला होता. फोर्ड कंपनीही मुंबईत होती. मात्र खोक्यांतून आलेले भाग जोडणे म्हणजे मोटार बनविणे नव्हे, हे ज्यांनी आग्रहाने मांडले त्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रभागी होते. १९३५ मध्ये त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये अधिकारावर आलेले बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होते. पण १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि अनुकूलता संपली. वालचंद त्याच सुमारास अमेरिकेत होते. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली, करारही झाला. तथापि दिल्लीच्या सरकारने युद्धकाळात या उद्योगाला हात देण्याचे नाकारले. लढाईला ट्रक हवे होते. ते येथे बनविण्याऐवजी बाहेरून आणणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले.

याच प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाची त्यांच्याशी गाठ पडली आणि त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. दोनच वर्षांत सरकारने भागधारकांना मोबदला देऊन तो कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमची गोदीही त्यांचीच. तिची कोनशिला १९४१ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली आणि १९४८ मध्ये तेथील 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. गोदी पुढे सरकारकडे गेली. उभे करावे आणि ते दुसऱ्याच्या हाती जाताना पाहावे, हा वालचंदांच्या आयुष्याचा जणू क्रमच होता. त्यांचे टीकाकार म्हणत की शेठजी एकाच वेळी फार आघाड्या उघडतात आणि भांडवलाची ओढाताण होते. या टीकेत तथ्य आहे, असे प्रस्तुत लेखकासही वाटते. पण सर्व आकडे जुळेपर्यंत थांबणाऱ्या माणसाने १९१९ मध्ये बोट घेतली नसती, हेही तितकेच खरे.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कारखान्यासाठी जागा निवडली ती कुर्ल्याची. रेल्वे जवळ, बंदर जवळ आणि गिरणगावाच्या दाटीबाहेर मोकळी जमीन, अशी ती जागा होती. १९४७ मध्ये येथून क्रायस्लर समूहाची वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लीमथ, डिसोटो ही नावे त्या पिढीच्या तोंडी होती. या अमेरिकन गाड्या प्रशस्त होत्या, मात्र पेट्रोल भरपूर पीत आणि सामान्य डॉक्टर-वकिलाच्या आवाक्याबाहेर होत्या. म्हणून कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५१ पासून छोटी फियाट ५०० आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली.

पण तोवर वालचंद राहिले नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामकाजातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत शुश्रूषेला होत्या. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने धोरण ठरविले की ज्यांच्याकडे येथेच भाग बनविण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच या देशात मोटारी बनवाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. वालचंद पंधरा वर्षे जे मागत होते ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मिळाले, आणि ते त्यांना अभिप्रेत होते त्यापेक्षा फार अधिक प्रमाणात मिळाले.

कारण संरक्षणाबरोबर परवाना आला आणि परवान्याबरोबर उत्पादनावर मर्यादा आली. किती गाड्या बनवायच्या आणि कोणत्या किमतीला विकायच्या, हे सरकार ठरवू लागले. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने वाटपही नियमांच्या चौकटीत बसविले. किमतीचा वाद तर प्रीमियरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. इकडे ग्राहक अनामत रक्कम भरून वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाहत बसे. ज्याला आज गाडी हवी, त्याला एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे वापरलेली घेणे. विकणारा हे पुरते जाणून होता. त्यामुळे नव्या गाडीची कागदावरची किंमत एक आणि हाती येणाऱ्या जुन्या गाडीची किंमत तिच्यापेक्षा चढी, असा उलटा हिशोब रूढ झाला. तो अधिक पैसा कारखान्याला मिळत नव्हता, कामगाराला मिळत नव्हता. तो मिळे केवळ त्याला, ज्याचा क्रमांक आधी लागला होता.

येथे फेरारीशी तुलना करण्याचा मोह होतो. एन्झो फेरारीनेही मागणीपेक्षा पुरवठा नेहमी थोडा कमी ठेवला. परंतु ती टंचाई त्याने स्वतः निवडलेली होती आणि तिचा लाभ त्याच्या नावाला झाला. कुर्ल्याची टंचाई वरून लादलेली होती. शिवाय गंमत अशी की या दोन्ही टोकांच्या गाड्यांचे गोत्र एकच निघते. फेरारीने १९४० मध्ये स्वतंत्रपणे बनविलेली पहिली शर्यतीची गाडी फियाट ११०० च्या भागांवर आधारलेली होती. महायुद्धानंतर तुरीनमध्ये तयार झालेल्या 'सिसितालिया २०२' या देखण्या स्पोर्ट्स कारच्या पोटातही फियाट ११०० चेच इंजिन होते. ती गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने कलावस्तू म्हणून जपली आहे. अशा गाड्या दोनशेदेखील निघाल्या नाहीत. त्याच घराण्यातील १०८९ सीसीचे इंजिन कुर्ल्यातून निघणाऱ्या टॅक्सीत काळबादेवी ते बोरिवली धापा टाकीत होते.

तथापि केवळ टंचाईने भाव टिकत नाही. बंद पडली तर दुरुस्त होणार नाही, अशी दुर्मीळ वस्तू कोणी घेत नाही. परदेशातही ज्या स्पोर्ट्स कार भाव राखून आहेत, त्यांच्यामागे सुटे भाग पुरविणारी कंपनी, जाणकार कारागीर आणि दुरुस्तीची नीट ठेवलेली कागदपत्रे असतात. जर्मनीची पोर्शे ९११ हे याचे ठळक उदाहरण. १९६४ पासून तोच आकार, तेच घराणे आणि जुन्या गाड्यांसाठी भागांचा पुरवठा अखंड चालू. कुर्ल्याच्या फियाटला हे दुसरे बळ लाभले, आणि ते सरकारने दिले नव्हते. भाग येथेच बनले पाहिजेत हा वालचंदांचा हट्ट होता. त्याच वाटेने पुढे लहान पुरवठादारांचे जाळे उभे राहिले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून फियाट रस्त्यावर आली तेव्हा भागांना कायमचा खप मिळाला. परिणामी कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक नाक्यावरच्या मिस्त्रीला ही गाडी डोळे मिटून उघडता येई. क्लच प्लेट, कार्बोरेटर, दिव्याची काच, काहीही अडून राहत नसे. घेणाऱ्याला ठाऊक असे की दहा वर्षांनी आपण विकू तेव्हाही घेणारा भेटेल. भाव टिकतो तो या खात्रीवर.

सत्तरीच्या दशकात इटालियन नाव गेले. गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. रूप मात्र जवळजवळ तेच राहिले. खरे तर न बदलण्यामुळेही जुनी गाडी जुनी दिसत नव्हती, हाही भाव टिकण्यास एक हातभार होता! ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय, पण उद्योगाच्या दृष्टीने ते आजाराचे लक्षण होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांगेचे गणित विस्कटू लागले. १९९१ नंतर परवाना गेला. नव्या गाड्या मागाल तेव्हा मिळू लागताच टंचाईवर उभा असलेला भाव कोसळला. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. बहुतेक गाड्या त्याआधीच भंगाराच्या वजनाने गेल्या होत्या.

आता उरलेल्यांचा प्रवास उलट दिशेने सुरू झालेला दिसतो. मूळ रंगाच्या, मूळ इंजिनाच्या, कागदपत्रे शाबूत असलेल्या फियाट आणि पद्मिनी हौशी मंडळी शोधून घेतात आणि मिस्त्रीकडे महिनोन्महिने ठेवून उभ्या करतात. या वेळची टंचाई परवान्याची नाही, काळाची आहे. भाग मात्र आता सहज मिळत नाहीत. ते मिळविण्यासाठी जुन्या टॅक्सीवाल्यांचे आणि भंगारवाल्यांचे पाय धरावे लागतात. ज्या कारखान्यात ते बनत होते त्याच्या जागी कुर्ल्यात आज इमारती उभ्या आहेत. जवळच्या एका रस्त्याला प्रीमियर रोड हे नाव अजून आहे, आणि रिक्षावाले तेथे बरोबर नेऊन सोडतात.