धंदाच करायचा तर शिकायचं कशाला? सिप्लाचे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

मोरवा (भाईंदर पश्चिम) : दहावी-बारावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालक येतात. सलाम-दुआ होते, चहा होतो आणि मग तोच प्रश्न. सर, पोराला पुढे धंदाच करायचाय, मग कॉलेजात तीन-चार वर्षं घालवून काय उपयोग? यंदाही एक वडील आले होते. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान, मुलगा सायन्समध्ये हुशार, केमिस्ट्रीची त्याला खास आवड. वडिलांचं म्हणणं एकच, की दुकानावर बसला तर घरात चार पैसे तरी येतील.

धंदा ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. आपले प्यारे नबी ﷺ स्वतः व्यापार करत होते, हजरत खदीजा (रजि.) यांचा कारभार तर नावाजलेला होता. पण आपल्या वस्त्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे. शिकतो तो नोकरी करतो आणि शिकत नाही तो धंदा करतो. हा समज किती खोटा आहे ते सांगायला आम्ही एका माणसाची गोष्ट सांगतो. भाईंदरहून लोकल पकडून मुंबई सेंट्रलला उतरलं की बेलासिस रोड लागतो. त्याच रस्त्यावर त्यांनी आपलं काम उभं केलं. ते म्हणजे सिप्ला कंपनीचे संस्थापक, मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद.

त्यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 चा, अलीगढचा. अलाहाबादला ते विज्ञान शिकले. 1920 साली गांधीजींनी असहकाराची हाक दिली. सरकारी कॉलेजं सोडा, असं सांगितलं गेलं आणि हजारो मुलांनी ते ऐकलं. अलीगढमध्ये 29 ऑक्टोबर 1920 रोजी जामिया मिलिया इस्लामिया सुरू झाली. मौलाना मोहम्मद अली जौहर, हकीम अजमल खान अशी मोठी माणसं तिच्यामागे होती. तरुण हमीद त्या सुरुवातीच्या मंडळींत होते. वय बावीस. खिशात काही नाही, पण देशासाठी काहीतरी करायचं ही ऊर्मी भरपूर. अशी ऊर्मी त्या काळात अनेकांकडे होती. पण तिला वाट सापडायला या माणसालाही बरीच वर्षं लागली, हे लक्षात ठेवायला हवं.

पुढे शिकण्यासाठी परदेशी जायचं ठरलं. त्या काळी परदेश म्हणजे इंग्लंड. त्यांच्या घरात आठवण सांगितली जाते ती अशी, की मुलगा निघाला इंग्लंडसाठी आणि पोहोचला जर्मनीला. कारण सरळ होतं. रसायनशास्त्रात तेव्हा जर्मनी जगाच्या पुढे होती. रंग, औषधं, खतं, सगळ्यांचे मोठे कारखाने तिथे. ज्या विषयाची ओढ आहे तो विषय जिथे सगळ्यात चांगला शिकवतात तिथे जायचं, मग भाषा नवी शिकावी लागली तरी चालेल, हा हिशोब. जामियाशी नातं असलेले झाकीर हुसेन, म्हणजे पुढचे राष्ट्रपती, तेही त्या सुमारास बर्लिनमध्येच शिकत होते.

बर्लिन विद्यापीठातून हमीद यांनी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली. तिथेच त्यांची लुबा दर्चान्स्का यांच्याशी ओळख झाली. त्या लिथुआनियाच्या ज्यू कुटुंबातल्या, त्याही विद्यार्थिनी. 1928 मध्ये दोघांचा विवाह झाला. या गोष्टीवर एक वेगळा लेख होऊ शकेल, पण आज आपला विषय तो नाही.

आता खरा मुद्दा येतो. जर्मनीची डॉक्टरेट झाली आणि कंपनी निघाली 1935 मध्ये. मधली सात-आठ वर्षं कुठे गेली? यशाच्या गोष्टी सांगताना हीच वर्षं आपण गाळून टाकतो. माणूस परत आला आणि कारखाना काढला, असं दोन ओळींत उरकतो. पण आजही एखादा मुलगा शिकून आल्यावर वर्षभरात काही जमलं नाही की घरात, नातेवाइकांत कुजबुज सुरू होते, शिकून काय दिवे लावले म्हणून. हमीदसाहेबांकडे बाप-दादांची गिरणी नव्हती की पेढी नव्हती. हातात होती फक्त विद्या.

आणि समोर काय होतं? हिंदुस्थानात चालणारी बरीचशी आधुनिक औषधं परदेशातून तयार होऊन यायची. इथल्या माणसाने फार तर त्यांची एजन्सी घ्यायची आणि कमिशनवर माल विकायचा. देशी प्रयत्न नव्हते असं नाही. कलकत्त्यात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची बेंगॉल केमिकल, बडोद्यात 1907 पासून अलेम्बिक होती. पण एवढ्या मोठ्या देशाला ते किती पुरणार? औषध बनवण्याचं ज्ञान असलेला माणूस आणि औषध नसलेला देश, या दोन गोष्टी हमीदसाहेबांनी एकत्र जोडून पाहिल्या. दिशा सापडली ती तिथे. एजन्सी घेतली असती तर घर लवकर चाललं असतं. त्यांनी बनवायचं ठरवलं.

17 ऑगस्ट 1935 रोजी कंपनीची नोंदणी झाली. नाव लांबलचक होतं, केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. त्याचीच आद्याक्षरं जुळवून सिप्ला. अधिकृत भांडवल 6 लाख रुपये. कागदावरचं भांडवल आणि हातातले पैसे यांत फरक असतो, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. बेलासिस रोडवर एक छोटा बंगला महिना 350 रुपये भाड्याने, 20 वर्षांच्या कराराने घेतला. मोजक्या खोल्या, त्यातच प्रयोगशाळा, त्यातच कारखाना. हमीदसाहेबांनी आपल्याकडची औषधांची सूत्रं कंपनीला दिली आणि त्यावर रॉयल्टी घेतली नाही. दुसरा भागीदार रोख रक्कम आणतो, यांनी डोक्यातलं ज्ञान आणलं. तेच त्यांचं भांडवल.

पहिली औषधं बाजारात यायला 22 सप्टेंबर 1937 उजाडला. म्हणजे नोंदणीनंतर दोन वर्षांहून जास्त काळ भाडं चालू, खर्च चालू आणि विक्री शून्य. दुकानदार घरातल्या माणसाने याचा जरा विचार करून पाहावा. इथे सबर लागतो, आणि तो एकट्याचा पुरत नाही, घरच्यांचाही लागतो.

4 जुलै 1939 रोजी गांधीजी सिप्ला पाहायला आले. दोनच महिन्यांत दुसरं महायुद्ध पेटलं आणि युरोपातून येणारा औषधांचा माल अडकला. तेव्हा देशात औषध बनवू शकणारी माणसं किती महत्त्वाची आहेत ते सगळ्यांना कळलं. 1944 मध्ये कंपनीने बेलासिस रोडची जागाच विकत घेतली. देशात विज्ञान संशोधनासाठी सरकारी परिषद असावी यासाठीही हमीदसाहेबांनी आराखडा दिला होता. 1942 मध्ये सीएसआयआर स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तिचीच.

1947 आलं. अनेक ओळखीचे, नातेवाईक सीमेपलीकडे गेले. शिकलेल्या, नाव असलेल्या मुस्लिम माणसाला तिकडे मोठी जागा मिळाली असती. हमीदसाहेब राष्ट्रीय विचारांचे, ते इथेच राहिले. मुंबईच्या विधान परिषदेत ते अनेक वर्षं होते, शहराचे शेरीफही झाले. 1960 मध्ये विक्रोळीला दुसरा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी मुलगा युसुफ केंब्रिजची रसायनशास्त्रातली पीएच.डी. करून कंपनीत आला. मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसायच्या आधी तोच विषय शिकून आला, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

एक अडथळा मात्र मोठा होता. इंग्रजांच्या वेळच्या 1911 च्या पेटंट कायद्यामुळे नवी औषधं इथे बनवणं अवघड जायचं, कारण हक्क परदेशी कंपन्यांकडे. तो बदलावा म्हणून देशी औषध उत्पादकांनी जोर लावला, त्यात सिप्ला पुढे होती. 1970 मध्ये नवा कायदा झाला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, असं ठरलं. म्हणजे केमिस्टने वेगळी रीत शोधली तर तेच औषध तो स्वस्तात बनवू शकत होता. 20 एप्रिल 1972 रोजी कायदा लागू झाला. हमीदसाहेबांचा इंतकाल झाला 23 जून 1972 रोजी, जेमतेम दोन महिन्यांनी.

2001 मध्ये सिप्लाने एड्सवरची तीन औषधं एकत्र करून रोजच्या एका डॉलरपेक्षा कमी खर्चात देऊ केली. परदेशी कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतल्या लाखो गरीब रुग्णांना त्याने आशा मिळाली.

ही सगळी हकीकत आम्ही त्या मोबाईल दुकानवाल्या वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग घरातली सिप्लाची दम्याची औषधं आठवून म्हणाले, ही आपल्या माणसाची कंपनी आहे हे ठाऊकच नव्हतं. मुलाने बीएस्सीला प्रवेश घेतला आहे. सकाळी तो कॉलेजला जातो आणि संध्याकाळी दुकानावर बसतो.