पुराव्याचा उपासक : हक्स्ले

डार्विनचा कैवारी म्हणून गाजलेला थॉमस हेन्री हक्स्ले शाळेत जेमतेम दोन वर्षे गेला. १८२५ साली लंडनजवळच्या ईलिंग गावी एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. स्वकष्टाने वैद्यक शिकून तो आरमारी जहाजावर नोकरीस लागला आणि समुद्रजीवांवरील संशोधनाच्या बळावर १८५१ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

१८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ निघाला. प्रत्येक जीवजाती ईश्वराने स्वतंत्रपणे घडविली, या समजुतीलाच त्याने हादरा दिला. डार्विन प्रकृतीने अशक्त; वादाचा भार हक्स्लेने उचलला. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्ड येथे बिशप विल्बरफोर्स यांना त्याने भर सभेत उत्तर दिले. पुढे १८८५ मध्ये बायबलातील सृष्टिक्रम विज्ञानाशी जुळतो, असे ग्लॅडस्टन यांनी प्रतिपादिले, तेव्हा पक्ष्यांआधी भूचर प्राणी होते, ही जीवाश्मांची साक्ष त्याने पुढे केली. परंतु ही कसोटी केवळ प्रतिपक्षासाठी नव्हती. नैसर्गिक निवडीचा पुरावा अजून अपुरा आहे, हे तो डार्विनलाही सांगे.

खरी परीक्षा घरातच झाली. १८६० च्या सप्टेंबरात त्याचा थोरला मुलगा, चार वर्षेही पुरी न झालेला, तापाने दगावला. धर्मोपदेशक किंग्स्ले यांनी आत्म्याच्या अमरत्वाचा दिलासा दिला. हक्स्लेने तो कृतज्ञतेने, पण ठामपणे नाकारला. एखादी गोष्ट मनाला हवीशी वाटते, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, हीच त्याची धारणा. या वृत्तीला त्याने १८६९ मध्ये अज्ञेयवाद हे नाव दिले.

१८९५ मध्ये तो निवर्तला. पुत्रशोकातही त्याने आपला नियम मोडला नाही. म्हणूनच त्याच्या टीकेला वजन आहे.