शेठ वालचंद हिराचंद : दराला दिवसांची जोड

सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी वडिलोपार्जित व्यापाराची वाट सोडून, रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. ठेकेदारीत अंदाजपत्रक व वेळापत्रक वेगळे मांडून चालत नाही. लाखाचे काम, नफा दहा टक्के. गुंतलेल्या लाखावर दरमहा शेकडा एक व्याज धरल्यास दहा महिन्यांच्या विलंबाने सारा नफा संपतो, मजुरी निराळीच! (आमच्या कापडधंद्यात निदान ठाण तरी गोदामात राहते.) पुढे भोर घाटातील बोगद्यांच्या कामात तर कातळाशी गाठ पडली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापिली. १९५३ साली ते निवर्तले.