दापोडीचे वनरक्षक डॉ. गिब्सन

आगगाडी आणि अरण्य यांचें नातें मोठें विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत वाफेचीं एंजिनें थेट रानांत शिरलीं आणि शेंकडों वर्षांचे वृक्ष ओढून बाहेर आणूं लागलीं. आपल्याकडे तर लोहमार्गच लांकडावर आंथरले गेले. एका मैलास सुमारें २००० स्लीपर लागत. आणि साग, साल, देवदार सोडले तर बहुतेक लांकडें थोड्याच वर्षांत कुजत. अशा काळीं सह्याद्रीचीं रानें ज्यांच्या हातीं होतीं, त्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. आपल्या मारुंजीहून दापोडी फार दूर नाहीं. तेथेंच त्यांच्या कार्याचा पाया घातला गेला.

गिब्सन यांचा जन्म १८०० सालीं स्कॉटलंडमध्यें झाला. वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत आले. देवी टोंचण्याच्या खात्याचे अधिकारी म्हणून दख्खन व खानदेशांत फिरतांना त्यांस येथील भाषा, शेतें व झाडेंझुडपें यांचा निकट परिचय झाला. १८३८ सालीं दापोडीचें सरकारी वनस्पति-उद्यान त्यांच्याकडे आलें. तेथें औषधी वनस्पति लावून ते सरकारी औषधालयांस औषधें पुरवीत. त्यांनीं एका देशी चित्रकाराकडून तेथील झाडांचीं चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जतन केलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र उरलें नाहीं.

रान तुटलें कीं ओढे आटतात, हें गिब्सन यांनीं कोंकणांत पाहिलें आणि सरकारास वारंवार कळविलें. १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. काम दुहेरी होतें: सरकारास लांकूड पुरवावयाचें आणि रानही राखावयाचें. त्यांतच १८५३ सालीं मुंबई-ठाणें आणि १८५८ सालीं खंडाळा-पुणें गाडी सुरू झाली, व लांकडाची मागणी वाढतच गेली. गिब्सन यांनीं तोडीवर निर्बंध घातले. त्यांचा जाच रान जाळून नाचणी पेरणाऱ्या गरीब डोंगरकऱ्यांसही झाला, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

१८६० सालीं ते निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षीं डालझेल यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ सालीं ते वारले.

आज रुळांखालीं बहुधा काँक्रीटचे स्लीपर असतात. पण मारुंजीच्या शिवारांत इमारती उठत आहेत आणि झाडें कमी होत आहेत. विद्यार्थ्यांनो, लोकल दापोडी ओलांडील तेव्हां या गृहस्थाचें स्मरण करा. तोडण्याचा अधिकार हातीं असतां कोठें थांबावें हें ज्यास कळतें, तोच खरा राखणदार.